सतरंजीचा घसारा

गेल्या आश्विन पौर्णिमेला आमच्या हिवरा आश्रमच्या विहारात वर्षावासाची सांगता झाली. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन झाले होते. शेवटच्या दिवशी भन्तेजींचे प्रवचन, खीरदान आणि बाहेरगावचे पाहुणे असा भरगच्च कार्यक्रम होता. बसायला जागा कमी पडू लागली, म्हणून आम्ही दोन पोरांना कोपऱ्यात उभी करून ठेवलेली दुसरी सतरंजी काढायला सांगितले. त्यांनी ती उलगडली आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले.

सतरंजीच्या मध्यावर काळी-पांढरी बुरशी धरली होती. एका टोकाच्या दशा उंदराने कुरतडल्या होत्या. मेणबत्तीच्या मेणाचे डाग तर जागोजागी होते. श्रावणातल्या एका रात्री खिडकीतून पावसाचे पाणी आत आले होते, तेव्हा कोणीतरी ओली सतरंजी घाईघाईने गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. तिला परत कोणी हात लावला नाही. पाहुण्यांसमोर आम्हाला मान वर करवेना.

वस्तीतल्या एका आजी, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत जवळ आल्या. सतरंजीचा काठ त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "बाबू, हप्त्याले दहा-दहा रुपये जमा करून आमी बायांनी हे घेतली होती. तुमी तिले कोपऱ्यात कुजवली."

आजी खोटे बोलल्या नव्हत्या. बाबासाहेबांच्या 125 व्या जयंतीला, 2016 साली, महिला मंडळाने या दोन सतरंज्या विहाराला दान दिल्या होत्या. विहार समितीचे कोषाध्यक्ष आम्हीच. कचेरीत कारकुनी करणारा माणूस, त्यामुळे जडसंग्रह नोंदवही ठेवण्याची आम्हाला सवय. त्या नोंदवहीत 'सतरंजी, नग 2' असे आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली सही केली आणि निर्धास्त झालो. दरवर्षी नग मोजले. दोन होते, दोन भरले. सतरंजीची दशा काय आहे हे विचारणारा रकाना त्या वहीत नव्हता आणि आमच्या डोक्यातही नव्हता.

वाचक म्हणतील, विहाराची गोष्ट कुटुंबाच्या पानावर कशाला? कारण हीच गोष्ट घरोघरी घडते. लग्नात आलेली सतरंजी, दिवाणावरचा छोटा गालिचा, आईच्या हातची गोधडी, आजोबांचे घोंगडे, सारे माळ्यावर जाते. पाहुणा आला की आठवण होते, आणि काढून पाहावे तर ते कामातून गेलेले असते.

तरटाची आठवण

आपल्या समाजाला सतरंजीचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी गावच्या लग्नात सतरंजी अंथरलेली त्यांना लांबूनच दिसे. आपली पंगत सर्वांत शेवटी आणि उघड्या मातीवर. स्वतः बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतली आठवण लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते लिखाण 1990 साली पुस्तिकारूपाने छापले गेले. वर्गात बसायला त्यांना वेगळे तरट असे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ते तरट घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे.

एका लहान मुलाला आपले बसायचे तरट स्वतः वाहावे लागले, कारण त्याला स्पर्श करायला दुसरे कोणी तयार नव्हते. आज आपल्या विहारात पन्नास माणसे एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात, तेव्हा त्या कापडाचा अर्थ दुकानातल्या किमतीत मावत नाही. पण आमच्या ध्यानात आले ते असे, की अर्थ मोठा असला म्हणून सतरंजी आपोआप स्वच्छ राहत नाही. सर्वांची वस्तू म्हटली की तिच्यावर बसायला सर्व, आणि झटकायला कोणी नाही.

विनयातली सतरंजी

त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही खजील होऊन बसलो होतो. भन्तेजी रागावले नाहीत. त्यांनी विनयपिटकातल्या गोष्टी सांगितल्या. त्या आम्ही पुढे वाचूनही काढल्या. वाचकांनाही त्या ठाऊक असाव्यात.

भगवंतांच्या काळी भिक्खूंच्या लोकरीच्या आसनाला 'संथत' म्हणत. काही भिक्खू दरवर्षी नवे संथत करू लागले आणि लोकांकडे लोकर मागत फिरू लागले. तेव्हा लोकांनी कुरकूर केली. आमची पोरे अंथरुणावर हागतात, मुततात, उंदीर कुरतडतात, तरी आमची संथते पाच-सहा वर्षे टिकतात, मग यांना दरवर्षी नवे कशाला लागते? ही तक्रार भगवंतांपर्यंत गेली आणि नियम झाला: नवे संथत केले की ते सहा वर्षे वापरायचे. भिक्खू आजारी असेल आणि संघाने संमती दिली तर गोष्ट वेगळी. पुढे आणखी एक नियम झाला. बसण्याचे नवे संथत करताना जुन्या संथताचा वीतभर तुकडा त्यात घालायचा.

म्हणजे अंथरूण-आसन टिकवण्याची अक्कल या नियमात आली ती लेकुरवाळ्या संसारी माणसांकडून. तीच अक्कल आपण आज विसरत चाललो आहोत.

दुसरी गोष्ट अशी. संघाची खाट, गादी, आसन उघड्यावर मांडून ते आवरल्याशिवाय किंवा कोणाला सांगितल्याशिवाय निघून जाणे, हा भिक्खूंसाठी दोष मानला आहे. विहार कसा साफ करावा याचेही नियम आहेत. जमिनीवरचे अंथरणे बाहेर न्यावे, उन्हात घालावे, साफ करावे, झटकावे, आत आणून होते तसे अंथरावे. झटकताना ते माणसांजवळ झटकू नये, पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जाऊन झटकावे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला धुळीचा एवढा विचार होता. आमच्या विहारात मात्र झाडूवाली बाई सतरंजीवरूनच झाडू मारते, आणि सारी धूळ पुन्हा बसलेल्यांच्या नाकात जाते.

आता हातात काय घ्यायचे ते पाहू.

धूळ हीच कात्री

सतरंजी ही उभ्या-आडव्या धाग्यांची सपाट वीण. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. सतरंजीत बाणा दाट ठोकलेला असतो, ताणा त्याखाली झाकला जातो. नागपुरात तर सतरंजीपुरा नावाची वस्तीच आहे, इतका हा आपल्या भागातला ओळखीचा माल. असली सुती सतरंजी चांगली राखली तर सहज दहा-बारा वर्षे जाते.

तिचा पहिला शत्रू बारीक कचकच. मेहकर तालुक्याची आपली काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात पिठासारखी उडते. तिच्यातले वाळूचे कण विणीत जाऊन बसतात. वरून माणसे चालली-बसली की ते कण धाग्याला करवतीसारखे घासतात. आपल्याला वाटते सतरंजी वापराने झिजली. खरे तर ती न झटकल्याने झिजलेली असते.

म्हणून घरची सतरंजी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढावी. दोन टोकांना धरून जोराने फटके मारीत झटकू नये, त्याने कडेची वीण सुटते. बळकट आडव्या बांबूवर नाहीतर कुंपणाच्या भिंतीवर टाकावी आणि उलटी बाजू वर करून चपट्या काठीने बडवावी. मागून मार बसला की कण पुढून गळतात. मग पालटून हलक्या हाताने दुसरी बाजू. नाका-तोंडाला रुमाल बांधावा. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम करू नये आणि जवळही थांबू नये. ज्यांच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर आहे त्यांनी तो दोन्ही बाजूंनी फिरवावा, मात्र दशांवरून नेऊ नये, धागे आत ओढले जातात.

चिखलाचा पाय पडला तर ओला असताना पुसायला धावू नये. पुसले की चिखल विणीत शिरतो. वाळू द्यावा, मग ब्रशने खरवडून झटकावा. निम्म्याहून अधिक डाग तसाच जातो.

तीन-चार महिन्यांनी सतरंजीची टोके बदलावीत. दाराकडचे टोक भिंतीकडे, भिंतीकडचे दाराकडे. नाहीतर दाराजवळचा पट्टा विरतो आणि बाकीची सतरंजी कोरी राहते. खिडकीतून ऊन पडत असेल तर रंगही एकाच बाजूचा उडतो.

डाग पडला तर

डागाचा पहिला नियम म्हणजे टिपावे, घासू नये. चहा सांडला की लगेच कोरडे सुती फडके दाबून धरावे. फडके भरले की दुसरे घ्यावे. मग थंड पाण्यात थोडा सौम्य साबण घालून, डागाच्या कडेकडून मध्याकडे हलक्या हाताने टिपत जावे. मधून बाहेर गेले की डाग पसरतो. रक्ताच्या डागालाही थंडच पाणी. गरम पाण्याने रक्त धाग्यात पक्के होते.

भाजीचे तेल पडले तर त्यावर बेसन किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. अर्ध्या तासात ती तेल ओढून घेते. ती झटकून मग साबण लावावा.

लग्नाघरी हळदीचा डाग ठरलेला. हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो आणि बाया घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतो. भरपूर पाण्याने साबण काढून टाकावा आणि सतरंजी उन्हात घालावी. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, दोन-चार दिवसांत फिका पडत जातो.

विहारातला आणि आता घरातलाही नेहमीचा डाग म्हणजे मेणबत्तीचे मेण. ते ओले असताना हात लावू नये. घट्ट होऊ द्यावे. बर्फाचा खडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवला तर लवकर कडक होते. मग चमच्याच्या पाठीने खरवडून काढावे. उरलेल्या मेणावर कोरा कागद ठेवून बेताची गरम इस्त्री फिरवावी, मेण वितळून कागदात येते. कागद बदलत राहावे. वर्तमानपत्र वापरू नये, शाई उतरते. सतरंजी प्लास्टिक धाग्याची असेल तर इस्त्री अजिबात लावू नये, धागाच वितळेल. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मेणबत्तीखाली ताटली ठेवणे. तो आमच्या विहारात आता सुरू झाला आहे.

आमचे शहाणपण

धुण्याच्या बाबतीत आमचाच अनुभव सांगतो, म्हणजे दुसऱ्यांचे नुकसान टळेल. काही वर्षांपूर्वी घरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी आम्ही पत्नीच्या नकळत धुवायला काढली. तिला आश्चर्याचा धक्का द्यावा असा बेत. बंबातले कढत पाणी घेतले, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि सतरंजी तासभर भिजत ठेवली. बाहेर काढली तेव्हा पांढरे पट्टे गुलाबी झाले होते. पत्नीने ती पाहिली आणि म्हणाली, "तुमचा हिशोब बरोबर असेल, पाणी चुकलं." त्या सतरंजीवर आमची दोन मुले अभ्यास करून मोठी झाली. पाहुणे विचारत, गुलाबी सतरंजी कुठून आणली?

तेव्हापासून आम्ही आधी रंगाची परीक्षा घेतो. पांढरे फडके ओले करून सतरंजीच्या कोपऱ्यात प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरावे. फडक्याला रंग लागला तर ती सतरंजी भिजवू नये. कोरडी झटकावी आणि लागेल तेवढेच टिपून घ्यावे.

रंग पक्का असेल तर धुवायचा दिवस निवडावा. आमच्या मते आश्विन-कार्तिकातले ऊन सर्वांत चांगले. पाऊस सरलेला असतो, विहिरीला पाणी असते आणि ऊन कडक असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार, तेव्हा सतरंजी धुणे शोभत नाही. आभाळ पाहून सकाळी आठलाच काम सुरू करावे.

आधी कोरडी बडवून घ्यावी. हे न करता पाणी ओतले तर धुळीचा चिखल होतो. मग उताराच्या फरशीवर पसरून थंड पाणी, सौम्य साबणाची पावडर आणि मऊ ब्रश. ब्रश विणीच्या दिशेने, आडव्या पट्ट्याबरोबर चालवावा. मोगरीने कुटू नये. स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळावी. साबण राहिला तर धूळ त्याला चिकटते आणि सतरंजी आधीपेक्षा लवकर मळते. पिळू नये. गुंडाळी करून वरून दाबत पाणी काढावे. एका बारीक दोरीवर टाकली तर भाराने मध्यावर वाकते आणि आकार बिघडतो. दोन-तीन दोऱ्यांवर नाहीतर खाटेवर पसरावी, उलटी बाजू उन्हाकडे. वरून वाळली तरी पोटात ओल राहते. मधल्या भागावर तळहात ठेवून गार लागत असेल तर ती वाळलेली नाही. दुसऱ्या दिवशीचे ऊन द्यावेच.

लोकरीचा गालिचा आणि घोंगडे यांची जात वेगळी. त्यांना सोडा नको, गरम पाणी नको, क्लोरीनचा ब्लीच तर मुळीच नको. लोकर त्याने विरते. रिठ्याचे कोमट-गार पाणी पुरे, आणि वाळवणे वाऱ्यावर, सावलीत. घोंगड्याला धनगर मंडळी चिंचोक्याची खळ देतात. वरचेवर धुतले तर ती खळ जाते आणि घोंगडे लोळागोळा होते. म्हणून ते उन्हात घालून झटकणे बरे. मोठा, महागाचा लोकरी गालिचा घरी भिजवण्याचे धाडस करू नये.

ठेवताना

घडी घालू नये, गुंडाळी करावी. घडीच्या रेषेवर धागा तुटतो. गुंडाळीवर जुने लुगडे किंवा सुती चादर लपेटावी. प्लास्टिकमध्ये बांधली तर आतली वाफ आतच राहते आणि बुरशी धरते. जमिनीला आणि भिंतीला टेकवू नये, फळीवर ठेवावी म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. पाच-सहा आठवड्यांनी एकदा उलगडून ऊन द्यावे.

डांबरगोळ्यांबद्दल एक सांगतो. कसरीची अळी खाते ती लोकर. शुद्ध सुती सतरंजीला तिचे भय नसते. सुताचे शत्रू ओल, बुरशी, उंदीर आणि वाळवी. तेव्हा सुती सतरंजीत गोळ्या भरून पैसे घालवू नयेत. लोकरीत ठेवायच्या तर कापडाच्या पुरचुंडीत बांधून, लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. लेकरे त्या गोड समजून तोंडात घालतात, आणि ते विष आहे.

दशांची गाठ सुटली की बाणा सरकू लागतो. त्याच दिवशी जाड सुती दोऱ्याने काठाला काजटाका घालावा. आज पाच मिनिटांचे काम आहे, पुढच्या पौर्णिमेला वीतभर सतरंजी उसवलेली असेल.

आणखी एक सांगणे घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. आता घरोघर गुळगुळीत फरशा झाल्या. त्यावर लहान सतरंजी पायाखालून सटकते. खाली जाळीचे रबर टाकावे नाहीतर ती दिवाणाच्या पायाखाली दाबावी. वर आलेला कोपरा लगेच बसवावा. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो.

घसाऱ्याचा हिशोब

आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून थोडा हिशोब. समजा 3,600 रुपयांची सतरंजी घेतली. तीन वर्षांत कुजली तर वर्षाला 1,200 रुपये घसारा. विनयातली सहा वर्षे टिकवली तर वर्षाला 600, म्हणजे महिन्याला 50. बारा वर्षे चालवली तर वर्षाला 300. मधला फरक म्हणजे एक काठी, एक ब्रश आणि वर्षातला एक रविवार.

हिशोबाच्या पुस्तकात वस्तूचे आयुष्य संपले की तिची किंमत भंगाराची धरतात. पण भन्तेजींनी सांगितलेली आनंदांची गोष्ट ऐकल्यावर आम्हाला तो धडा अपुरा वाटू लागला. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणी. जुन्या अंथरण्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी, आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले, आणि त्याने आपल्याकडून आणखी पाचशे वस्त्रे दिली.

दान देणाऱ्याला एवढेच हवे असते. आपल्या दहा रुपयांचे काय झाले, हे त्याला विचारता यावे आणि घेणाऱ्याला शेवटच्या धाग्यापर्यंत उत्तर देता यावे. आजींनी आम्हाला तेच विचारले होते, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते.

रविवारचे काम

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही विहारात जमलो. काही तरुणांचे म्हणणे पडले की ही फेकून द्यावी आणि कार्यक्रमापुरती मंडपवाल्याकडून भाड्याने आणावी. आमच्या गावाला गर्दीची सवय आहे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाच्या जयंती उत्सवात इथे महाप्रसादाला केवढाल्या पंगती बसतात. त्यामुळे भाड्याच्या सामानाची चर्चा सर्वांना सोपी वाटते. पण एका सुनेने विचारले, रोजच्या वंदनेला आणि मुलांच्या अभ्यासिकेलाही भाड्याने आणणार का? त्यावर तरुण गप्प झाले.

दुसरा प्रश्न होता, धुणार कोण? नेहमीप्रमाणे सर्वांच्या नजरा महिला मंडळाकडे वळल्या. आजवर विहाराच्या सतरंज्या, पडदे, भांडी, सारे बायांनीच धुतले. त्यांनीच दान द्यायचे आणि त्यांनीच धुवायचे, हा कुठला न्याय? आम्ही पँट वर दुमडली आणि पाण्याची बादली उचलली. मग बाकीचे पुरुष उठले.

बुरशीची सतरंजी आधी उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेने नेऊन, तोंडाला रुमाल बांधून ब्रशने झाडली. दिवसभर ऊन दिले. मग मधला भाग दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तर तो ओल्या कागदासारखा फाटला. बुरशीने सूत आतून खाल्ले होते. तो भाग कोणत्याही उपायाने परत येणार नव्हता. आजी बाजूला बसून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हालाही काही बोलवले नाही.

दोन्ही टोके मात्र धड होती. ती कापून घेतली, धुतली, दोन दिवस वाळवली. महिला मंडळातल्या दोघींनी काठ दुमडून शिवले, आणि आम्ही सुईत दोरा ओवून देण्याचे काम केले. अभ्यासिकेच्या मुलांसाठी सहा बसकरे झाली. कुजलेल्या भागाच्या कडेचे थोडे बरे होते, त्याची दाराशी दोन पायपुसणी झाली. पहिली सतरंजीही त्याच दिवशी धुऊन वाळवली.

नोंदवहीत आता अशी नोंद आहे: 'सतरंजी, नग 1. बसकरे, नग 6. पायपुसणी, नग 2. एक सतरंजी कोषाध्यक्षाच्या दुर्लक्षामुळे नष्ट.' खाली आमची सही आहे. शेजारी 'स्थिती' असा नवा रकाना आखला आहे. दर पौर्णिमेला चार जणांची पाळी लावली, दोन स्त्रिया, दोन पुरुष. त्यांनी सतरंजी बाहेर न्यायची, बडवायची, ऊन द्यायचे आणि रकान्यात काय दिसले ते लिहायचे. गेल्या पौर्णिमेला एका दहावीतल्या मुलाने लिहिले, 'डाव्या काठाची दशी सुटली होती, आईकडून शिकून मी शिवली.'

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी माळ्यावर चढा. जी गुंडाळी हाताला लागेल ती खाली काढा आणि उन्हात उलगडा. ती कोणी आणली होती, कोणाच्या कमाईची होती, हे घरातल्या वडील माणसांना विचारा आणि ते सांगत असताना तुम्ही काठी चालवा. सहा वर्षांचा नियम भिक्खूंसाठी होता. आपण संसारी माणसांनी तो दुप्पट पाळायला हरकत नाही.

जयभीम.